उताराच्या बाजूचा टेकू

घाबरू नका मित्रांनो, घाबरायचं खातं माझ्याकडे आहे. मी एक जुना टेकू. माणसाच्या खांद्याइतका उंच, वर बेचकं, खाली लोखंडी अणी आणि मधे अंगभर भीती. संताची पालखी उचलणारे गडी दमले की थांबतात, दांड्यांखाली आम्हाला उभं करतात आणि आपले खांदे मोकळे करतात. त्यांची विश्रांती सुरू झाली की आमची धडधड सुरू होते, कारण तेवढा वेळ सगळं वजन आमच्यावर असतं. आम्ही चौघे भाऊ. बाकीचे तिघे दगडासारखे शांत आहेत. मी मात्र पहिल्यापासून हा असा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्याच पाठी असावा.

माझा जन्म इटलीतल्या एका डोंगरी गावातला. गाव म्हणजे काय, एकच गल्ली, आणि तीही उभीच्या उभी. एका घराचा उंबरा खालच्या घराच्या कौलांना भिडलेला. वरच्या घरात कुणाच्या हातून लिंबू सुटलं की ते खालच्या विहिरीपाशी सापडायचं. संत रोक हा त्या गावाचा राखणदार. साथीच्या रोगात आजाऱ्यांची सेवा करता करता जो स्वतःच आजारी पडला, तो संत. मूर्तीत त्याच्या मांडीवर जखम असते आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. ऑगस्टमध्ये त्याचा सण यायचा. बँड वाजायचा, बायका पावाचे छोटे छोटे कुत्रे भाजायच्या, आणि देवळातून निघालेली पालखी त्या उभ्या गल्लीतून विहिरीपर्यंत जाऊन परत वर यायची.

आम्हाला घडवणारा सुतार बोलायला फटकळ, पण हाताचा पक्का होता. त्याने एका चेस्टनटच्या झाडापासून आम्हा चौघांना कापलं. पण कापण्याआधी त्याने चार गड्यांना गल्लीत नेऊन उतारावर उभं केलं आणि तिथेच माप घेतलं. म्हणून आम्ही दोघे लांब आणि दोघे आखूड झालो. लांब ते नेहमी उताराच्या बाजूला. पालखी उतरताना आम्ही पुढे, चढताना मागे. लोहाराकडून त्याने प्रत्येकाला अणी ठोकून घेतली, दगडात रुतावी म्हणून. मग मला हातात तोलत तो म्हणाला, "तू खालच्या अंगाचा. शेवटी सगळं वजन खालच्यावरच येतं, लक्षात ठेव." झालं! तिथपासून जी भीती माझ्या पोटात शिरली, ती अजून निघालेली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? तर ऐका. त्या गावात एक रीत होती. पालखी टेकूंवर विसावली की आया आपली अशक्त, आजारी मुलं घेऊन तिच्या खालून जायच्या. संताच्या सावलीतून गेलं की मूल बळ धरतं, अशी त्यांची श्रद्धा. वर एवढा मोठा लाकडी संत, खाली तान्हं लेकरू, आणि दोघांच्या मधे कोण? तर मी! दर वर्षी माझा जीव कासावीस व्हायचा. माझ्या हातून कधी काही घडलं नाही, हे खरं. पण घडलं नाही म्हणून भीती कमी होते थोडीच?

मग गाव रिकामं होत गेलं. तरुण पोरं शहरात गेली, शाळा बंद पडली, बँडमध्ये एकटा ढोलवाला उरला. एका वर्षी पालखी उचलायला चार गडी मिळेनात, म्हणून संताला ट्रॅक्टरवर बसवून फिरवलं. त्याची मूर्ती पुढे शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेली. पालखी आणि आम्ही चौघे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हाती लागलो आणि एका कंटेनरच्या काळोखात समुद्र ओलांडून दुबईला आलो. त्या प्रवासाची आठवण काढली तरी अजून शिरशिरी येते.

दुबईतल्या देरा भागातल्या एका गोदामातून आम्ही एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथे पालखीवर काच बसवून तिचं सॅलडचं टेबल केलं आणि आम्हाला भिंतीवर आडवं टांगलं. लोक जेवता जेवता आमच्याकडे बोट दाखवून विचारायचे, हे काय, नांगर का? मला मुळीच राग यायचा नाही. भिंतीवर वजन नाही, लेकरू नाही, काळजी नाही. एसीच्या गारव्यात माझी कितीतरी वर्षं सुखात गेली.

त्या रेस्टॉरंटमध्ये हिलरी तुस्कानो नावाचा, वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन होता. त्याचं इटालियन धाटणीचं आडनाव ऐकून मी हरखलो, वाटलं आपल्याच मुलखातला माणूस! पण तो निघाला वसईचा. त्याच्या गावचा राखणदारही संत रोकच. हे कळल्यावर तिथल्या म्हाताऱ्या इटालियन शेफला एवढा आनंद झाला, की त्याने हिलरीला आमच्यासारख्या पालख्यांची, पावाच्या कुत्र्यांची आणि आजारी मुलांना खालून नेण्याच्या रीतीची सगळी गोष्ट सांगितली. शेफही डोंगरातल्याच गावचा. फक्त आमच्यातले दोघे लांब आणि दोघे आखूड का, तेवढं त्याने सांगितलं नाही. डोंगरात जन्मलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

पुढे रेस्टॉरंट बंद पडलं. शेफ मायदेशी जायला निघाला, तेव्हा मालकाला विचारून त्याने पालखी आणि आम्हा चौघांना हिलरीच्या हवाली केलं. हिलरीने पालखी चर्चच्या कोठीत ठेवली आणि आम्हाला करामा भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. वॉशिंग मशीनच्या मागे आम्हाला जागा मिळाली. हिलरीची बायको जोसेफिन पहिल्याच दिवशी म्हणाली, "हिलरी, ह्यांचे खिळे बघ केवढे! टाइल्सला ओरखडा पडला तर डिपॉझिट गेलं समज."

"अगं, संताच्या कामाच्या आहेत काठ्या," हिलरी म्हणाला.

"संत येणारे का घरमालकाशी भांडायला?"

अशी ती तोंडाने फटाकडी, पण त्या दिवसांत आतून पार भेदरलेली होती. कारण घरात डीन होता. दिवस भरायच्या आत जन्मलेला, कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आलेला, मुठीएवढ्या छातीचा डीन. तो झोपला की जोसेफिन त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागतोय ना बोटाला? लागला की बोट काढायची, आणि परत धरायची. मी मशीनच्या मागून बघायचो. मला वाटायचं, ह्या घरात माझ्याइतकं घाबरणारं आणखी कुणीतरी आहे.

एके दिवशी हिलरीने तिला शेफची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता जोसेफिनचे डोळे भरून आले. "मी डीनला नेते खालून," ती म्हणाली. "माझा नवस समज. आपल्या सणाला पालखी काढायचीच. फादरशी बोल तू."

मशीनच्या आणखी मागे सरकता आलं असतं तर मी सरकलो असतो.

आखातात रस्त्यावर मिरवणूक काढता येत नाही, चर्चच्या आवारातच काढायची असते. शिवाय ऑगस्टमध्ये बाहेर उभं राहिलं तरी माणूस भाजून निघतो, म्हणून वसईकरांनी संत रोकचा सण हिवाळ्यातल्या एका रविवारावर ढकललेला. फादरनी परवानगी दिली. वसईकरांची प्लॅस्टरची मूर्ती कोठीत होतीच. ती पालखीवर बसवून एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम झाली. पुढे हिलरी आणि त्याचा गाववाला रॉबिन, मागे आणखी दोघे. रॉबिन इंटिरियरच्या धंद्यातला, उत्साहाने फसफसणारा गडी. हॉल पार करून त्यांनी पालखी आमच्यावर टेकवली. आम्ही लांब दोघे पुढे. मग काय होणार? जमीन सपाट, पुढची बाजू उंच. संत रोक मागे रेलला.

"बघा बघा, संत एसीकडे बघतायत," कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला.

रॉबिनने आम्हाला शेजारी शेजारी उभं करून पाहिलं. "अरे, माप चुकलंय! वीतभर फरक आहे. पास्ता बरा करतात हे लोक, सुतारकाम नाही जमत."

हिलरीची दहा वर्षांची मुलगी नादिया तिथेच उभी होती. ती म्हणाली, "बट व्हाय आर दे डिफरंट, पप्पा?"

मित्रांनो, हा एकच प्रश्न! मी मनातल्या मनात ओरडलो, सांगा रे तिला, विचार करा रे कुणीतरी! पण रॉबिन म्हणाला, "हँडमेड आहे ना बेटा, हँडमेडमध्ये असंच असतं." आणि हिलरीला म्हणाला, "कटर आहे माझ्या गाडीत. दोघांना खालून वीतभर उडवू, सगळे सारखे. वहिनींचा टाइल्सचा प्रश्नपण खलास."

हिलरी जरा घुटमळला. "जुनी वस्तू आहे रे. कापायची म्हणजे..."

"यल्ला, चल ना हिलरी! डीनला घेऊन वहिनी खाली वाकणार आणि वर पालखी तिरकी? चालेल तुला?"

हे ऐकून हिलरीने मान हलवली. मुलाच्या काळजीपोटीच त्याने मला कापू दिलं, हे मी आधी सांगून ठेवतो. त्याच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नका.

कटर फिरलं. अणीसकट माझा वीतभर पाय गेला. दुखलं, पण दुखण्याचं एवढं काही नाही. सुताराने सांगितलेलं एक काम होतं, खालच्या अंगाला भक्कम उभं राहण्याचं, आणि आता ते माझ्याच्याने होणार नव्हतं. भीती त्याची होती. माझा तुकडा जोसेफिनने स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून लावला. रोज तो तिथे दिसायचा. मी स्वतःची समजूत घालायचो, अरे वेड्या, दुबई सपाट आहे. चर्चचं आवार तळहातासारखं आहे. उतार आणणार कुठून?

सणाचा रविवार उजाडला. बायकांनी लाल लुगडी नेसली होती, पुरुष कडक इस्त्रीत. वसईहून आलेल्या केळ्यांचा घड पालखीला बांधला. जोसेफिनने डीनला पांढऱ्या शालीत गुंडाळलं होतं. त्याला दोन दिवस सर्दी होती आणि त्याची छाती घरघरत होती. ती हिलरीला म्हणाली, "आज नको करूया का? मला कसंतरी होतंय."

"आजच करू," तो म्हणाला. "तुझा नवस आहे."

चर्चमधली मिस्साप्रार्थना संपली आणि बाहेर आलो, तर आवार भरलेलं! दुसऱ्या एका समाजाच्या कार्यक्रमासाठी मधोमध मोठा मांडव घातला होता. स्वयंसेवकांनी सांगितलं, मिरवणूक मागून न्या, गाड्यांच्या पार्किंगकडे उतरणाऱ्या वाटेने खाली जा आणि पलीकडून वर या. उतरणारी वाट! गुळगुळीत राखाडी रंग दिलेली, गाड्यांसाठी केलेली ती उतरंड. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आवाराच्या चार पायऱ्या टळल्या म्हणून उलट सगळे खूशच झाले.

भजन म्हणत पालखी उतरू लागली. हिलरीच्या उजव्या खांद्यावर दांडा आणि डाव्या हातात मी. प्रत्येक पावलाला माझा कापलेला बुंधा जमिनीवर टेकायचा आणि किंचित सरकायचा. हिलरीला ते कळलं नाही, त्याचं सगळं लक्ष खांद्याकडे. मी देवाला म्हणत होतो, थांबवू नकोस रे, खाली सपाटीवर जाऊ दे, तिथे काय ते थांबव. आणि नेमक्या त्याच वेळी खालून एक गाडी वर आली. ड्रायव्हरला मागे जायला जागा नव्हती. फादरनी हात वर केला. मिरवणूक उतारावरच थांबली.

"टेकवा," मागून कुणीतरी म्हणालं.

चौघांनी आम्हाला दांड्यांखाली लावलं आणि खांदे काढले. हॉलमध्ये मागे रेललेला संत आता पुढे झुकला. सगळा भार सरकत पुढे आला, माझ्यावर आणि माझ्या जुळ्यावर, म्हणजे दुसऱ्या कापलेल्या टेकूवर. खालच्यावर! मागच्या दोघांच्या अण्या शाबूत होत्या, ते पाय रोवून राहिले. माझा जुळा फरशीच्या एका खाचेत अडकला. माझ्याखाली फक्त तो गुळगुळीत रंग होता.

जोसेफिनला वाटलं, हाच तो विसावा. तिने डीनला छातीशी धरलं, पदर सावरला आणि वाकून पालखीखाली शिरली.

मी सरकलो. बोटभरच. पण वर संताचं डोकं हललं आणि केळ्यांचा घड लोंबायला लागला. कुणाच्या ध्यानात आलं नाही, सगळे भजनात. एकट्या हिलरीने खाली पाहिलं. त्याला माझा बुंधा दिसला, उतार दिसला, वर झुकलेला संत दिसला, आणि मागचे दोघे पुढच्यांएवढेच आहेत हेही दिसलं. मला कळलं, नादियाच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आत्ता मिळालं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर माणसं धावली असती आणि एक धक्का पुरे होता. त्याने आपला उजवा पाय उचलला आणि माझ्या बुंध्यापुढे, उताराच्या बाजूला घातला. मी थांबलो नाही, मित्रांनो. मला थांबताच आलं नाही. मी त्याच्या बुटावर चढलो, आणि पालखीचं, संताचं, त्या कुत्र्याचं सगळं वजन त्याच्या बोटांवर घेऊन तिथे थांबलो. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. दोन्ही हातांनी मला कवटाळून तो तसाच उभा राहिला.

"जो," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पुढे ये. यल्ला, बाळाला ऊन लागेल."

"एक मिनिट," खालून तिचा आवाज आला. "प्रार्थना राहिली माझी."

आणि ती प्रार्थना म्हणू लागली. हे आमच्या स्वर्गातील बापा. सावकाश, एकेक शब्द. नवसाची प्रार्थना ना, घाईत कशी म्हणणार? हिलरीच्या कपाळावरून घाम टपटपत माझ्यावर पडत होता. त्याचे ओठ दाताखाली. मी त्याच्या पायाचं हाड चेपत होतो आणि मला बाजूला होता येत नव्हतं. आयुष्यभर घाबरलो, पण तसा कधी घाबरलो नाही. डीन मधेच खोकला. जोसेफिन थांबली, त्याची शाल नीट केली, आणि सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

आमेन झालं. ती पलीकडून बाहेर आली, उभी राहिली आणि डीनचा मुका घेतला.

तेव्हा हिलरी ओरडला, "रॉबिन! खांदा! खांदा दे!"

रॉबिनने दांड्याखाली उडी घेतली. आणखी माणसं धावली आणि पालखी अलगद उचलली गेली. मी बाजूला पडलो. हिलरी खाली बसला. त्याचा बूट काढताना जोसेफिनने आतला मोजा पाहिला. "मरिया माते! हे काय केलंस तू?" असं म्हणून तिने टाहो फोडला. तिला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. नादियाने बापाच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, बापाखेरीज तिथे तिलाच सगळं समजलं होतं.

हॉस्पिटलमध्ये पायाला प्लॅस्टर घातलं. पायाची दोन बोटं मात्र पुन्हा कधी वाकली नाहीत. चार दिवसांनी हिलरीने शेफला व्हिडिओ कॉल लावून विचारलं, दोन टेकू लांब का होते ते सांगितलं का नाही? शेफ आधी हसला. "अरे, आमच्याकडे सपाट जमीन कुणी पाहिली आहे? त्यात काय सांगायचं?" मग त्याला पलंगावरचा पाय दिसला आणि त्याने कपाळाला हात लावला. रॉबिन तिथेच कोपऱ्यात बसला होता. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि दाराचा अडकण आणि माझ्या जुळ्याचा ठेवलेला तुकडा काढून आणला. त्याने माझा तुकडा मला आणि जुळ्याचा जुळ्याला परत जोडला आणि दोघांभोवती पोलादी नळ्या ठोकल्या. जोडताना तो नाक ओढत होता. जोसेफिनने त्याला चहा दिला, पण बोलली नाही. बोलायला तिला पुष्कळ दिवस लागले. मागचे दोघे आखूडच आहेत, आणि सणाला रॉबिन आता गाडीतून लाकडाचे दोन ठोकळे आणतो. सपाट जमीन असली की ते त्यांच्या पायाखाली जातात.

डीन आता चालतो. नवसाने म्हणा, औषधाने म्हणा, की नुसत्या वयाने म्हणा, त्याची छाती भरली. परवा तो मला मिठी मारून उभा राहिला होता आणि माझी नळी चाटत होता. नादिया धावत आली. "डीन, नो! ही इज ओल्ड!"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, जरुरीपेक्षा लांब, नाहीतर वाकडी, नाहीतर टोचणारी. ती कुणीतरी तशी केली असेल. करवत उचलण्याआधी नादियासारखं विचारा, आणि कुणी तुम्हाला विचारलं तर "असंच असतं" म्हणून मोकळे होऊ नका. आम्हा वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण तोंड नसतं.

दर वर्षी सण येतो आणि माझी धडधड पुन्हा सुरू होते. कुणीतरी आई तान्हं लेकरू घेऊन पालखीखाली शिरणारच असते. हिलरी लंगडत येतो, मला हातात घेतो. पण उभं करण्याआधी तो जमिनीकडे नीट बघून घेतो.